गयाबाई नावाचे झाड

गेल्या वर्षी मार्च महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात कँटीनमागच्या वाफ्यात पितळी पाटी बसवण्यात आली. पाटीवर एका झाडाचे नाव आणि त्या नावाचा उगम सांगणारा पाच ओळींचा मजकूर होता. एकतीस दिवसांनी पाटी काढण्यात आली. मजकूर मी लिहिला होता.

त्या कारखान्यात मी सोळा वर्षे गृहपत्रिकेचा संपादक होतो. त्याआधी एका दैनिकाच्या पिंपरी-चिंचवड पुरवणीत उपसंपादक होतो. पुरवणी बंद झाली तेव्हा चाकणला कारखाने वाढत होते आणि प्रत्येकाला स्वतःबद्दल चांगले लिहून हवे होते. शॉपवर, म्हणजे यंत्रे चालतात त्या भागात, मला सगळे ‘संपादक’ म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे शिफ्टप्रमाणे बदलत असे.

गृहपत्रिका तीन महिन्यांनी निघते, गुळगुळीत कागदावर छापतात आणि फुकट वाटतात. पहिल्या पानावर संचालकांचे मनोगत असते. ते संचालक लिहीत नाहीत आणि कामगार वाचत नाहीत, त्यामुळे त्यात चूक राहिली तरी तक्रार येत नाही. पुढे सुरक्षा सप्ताह, रक्तदान, मुलांची चित्रकला आणि निवृत्त झालेल्यांचे शाल-नारळासह फोटो. वृत्तपत्रात घडलेले छापतात. गृहपत्रिकेत छापले ते घडले असे धरतात.

एका वर्षी सुरक्षा घोषवाक्य स्पर्धेचा पहिला विजेता बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आला नाही. त्याच आठवड्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनमध्ये त्याचे बोट गेले होते आणि तो रुग्णालयात होता. अंकात ‘वैयक्तिक कारणामुळे अनुपस्थित’ असे छापून आले. ते वाक्य माझे आहे. वाक्य खोटे नव्हते, कारण बोट त्याचे वैयक्तिक होते. घोषवाक्य दुसऱ्या पानावर, चौकटीत घेतले.

आणखी एक नियम होता. नाव फक्त कायम कर्मचाऱ्याचे छापायचे. ठेकेदाराकडच्या माणसाला ‘सहकारी’ म्हणायचे आणि शक्यतो फोटोत घ्यायचे नाही. घेतलेच तर कडेला उभे करायचे, म्हणजे कापता येते. कारण मला रुजू होतानाच सांगितले गेले होते: छापलेले नाव पुढे पुरावा होऊ शकते. सोळा वर्षांत मी किती माणसे कडेने कापली, त्याची मोजदाद ठेवलेली नाही.

गयाबाई ठेकेदाराकडच्या होत्या. मूळच्या जालन्याकडच्या, राहायला म्हाळुंग्यात एका खोलीत. काम बागेचे. नवरा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये होता, मग अर्धांगाचा झटका आला आणि तो खाटेवर पडला. त्याचे औषधपाणी गयाबाईंच्या कामगार विम्याच्या कार्डावर चालत असे. कार्ड ठेकेदाराकडच्या नोकरीवर चालत असे. नोकरी सात महिने चालत असे.

या पट्ट्यात हे सर्वांना ठाऊक आहे, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. ठेक्यावरच्या माणसाची सलग सेवा ठरावीक दिवसांच्या वर गेली तर त्याला काही हक्क मिळू शकतात. म्हणून तो आकडा गाठण्याआधी, सातव्या महिन्याच्या शेवटी, त्याला ‘ब्रेक’ देतात. माणूस आठवडाभर घरी बसतो आणि नव्या कार्डावर, नवा माणूस म्हणून परत येतो. तोच गेट, तेच काम, तोच डबा. कागदावर मात्र कारखान्याची आणि त्याची ओळख आजच झालेली असते. गयाबाई अशा चौदा वर्षे नव्या होत्या. मध्ये पाच ठेकेदार बदलले.

आता झाड. त्याला मराठीत पानफुटी म्हणतात. पाने जाड, रसाळ, कडेला करवतीसारखे दाते. त्याचे बी कोणी शोधत बसत नाही. पान तोडून मातीवर टाकले की त्या दात्यांच्या खाचांतून बारीक रोपे फुटतात. सरळ हिशेबाने आलेले नाव आहे. काही भागांत घायमारी म्हणतात, कारण पान ठेचून जखमेवर बांधतात. हिंदी बोलणारे कामगार त्याला पत्थरचट्टा म्हणतात, कारण त्यांच्याकडे ते मुतखड्यावर खातात. तीन नावांत त्याचे तीन गुण आले. पाणी नसले तरी ते तगते. ऊन, सिमेंटची धूळ, फोर्कलिफ्टचे चाक, सगळे सोसते.

मुतखड्याचा कारखान्याशी संबंध आहे. लाइनवर उभ्या माणसाला जागा सोडायची तर बदली माणूस लागतो. बदली माणूस लवकर येत नाही. त्यामुळे शहाणा माणूस शिफ्टमध्ये पाणी पीत नाही आणि दोन उन्हाळ्यांनंतर पोट धरून बसतो. कारखान्याचे डॉक्टर सांगत, पाणी प्या. सुपरवायझर सांगत, लाइन सोडू नका. दोघांचेही ऐकता येत नसल्यामुळे माणसे कँटीनमागे जाऊन गयाबाईंकडे पान मागत. त्याने गुण येतो की नाही, मला माहीत नाही. पण मागणी होती. सुरुवातीला ‘गयाबाईंकडचं पान’ म्हणत, मग ‘गयाबाईचं पान’, आणि वर्षभरात नुसते ‘गयाबाई’. वेल्डिंगचा एक मुलगा नव्या इंजिनिअरला अगदी साधेपणाने म्हणाला होता, “सर, मी रोज उपाशीपोटी दोन गयाबाई चावून खातो.” इंजिनिअरने ती बाब वरिष्ठांच्या कानावर घातली.

रोपे कारखानाभर पसरली. प्रत्येक शॉपच्या दारात ऑइलच्या कापलेल्या डब्यात एक गयाबाई असे. बदलून दुसऱ्या राज्यातल्या शाखेत गेलेल्या एकाने बॅगेत पान नेले. तिथेही तेच नाव चालते, असे त्याने मला फोनवर सांगितले. तिथल्या कोणी गयाबाईंना पाहिलेले नाही.

गेल्या वर्षी कंपनीने हरित कारखान्याच्या पुरस्कारासाठी अर्ज भरला. अर्जात ‘स्थानिक वनस्पती व लोकज्ञान’ असा एक भाग होता. आवारातल्या झाडांची प्रचलित नावे आणि त्या नावांचे उगम द्यायचे होते, तेही खातरजमा करून. वाकडच्या एका सल्लागार संस्थेला काम दिले. त्यांचा मसुदा इंग्रजीत आला. त्यात लिहिले होते की ‘गयाबाई’ हे नाव ग्रीक भूमाता ‘गाया’ हिच्यावरून आले असावे आणि ‘बाई’ हा स्थानिक आदरार्थी प्रत्यय असावा. एचआरचे प्रमुख मोरेसाहेब यांना मसुदा आवडला होता. मला भाषा तपासायला दिला.

मी तो फोर्कलिफ्टवरचे बाळूभाऊ यांना वाचून दाखवला. बाळूभाऊ जवळच्याच गावचे. कारखाना उभा आहे त्यातले दोन तुकडे त्यांच्या चुलत्यांचे होते, आणि त्या बदल्यात ते कायम झाले होते.

“ग्रीक?” बाळूभाऊ म्हणाले. “आवं संपादक, ती जालन्याची हाय. रोज सकाळी पायप घिऊन माझ्या गाडीच्या म्होरं आडवी येती.”

मग त्यांनी झाडाची हकिगत सांगितली. कँटीनची नवी शेड झाली, त्या पावसाळ्यात गयाबाई कामाला लागल्या. शेडच्या मागे काही लावले तरी मरत होते. पहिल्या ब्रेकहून परतताना गयाबाईंनी गावाकडून पिशवीत एक पान आणले आणि मातीत टाकले. दुसऱ्या दिवशी त्यावरून बाळूभाऊंचे चाक गेले. “मी म्हणलं, मेलं आता. आठ दिसांनी बगतो तर कडंनी चार पिल्लं.”

हीच हकिगत कँटीनच्या आचाऱ्याने वेगळ्या वेळी, बाळूभाऊ समोर नसताना सांगितली. तिसरी खातरजमा खुद्द गयाबाईंकडून केली. त्या वाफ्यात बसून गवत काढत होत्या. मी वही काढली तशा त्या उठून उभ्या राहिल्या.

“कशापायी लिहिता, सायेब? आमच्या तिकडं घायमारी म्हणत्यात. हितं कुणी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. पोरांनी माझंच नाव लावलं. झाडाला काय, कशानंबी हाक मारा.”

तीन साक्षी जुळल्या. वृत्तपत्रात एवढ्यावर बातमी जाते. कारखान्यात जात नाही. कारखान्यात कुठलाही कागद ‘तयार केले’, ‘तपासले’, ‘मंजूर’ अशा तीन सह्यांशिवाय भिंतीवर लागत नाही, आणि पुरस्काराचे काम असल्याने ते गुणवत्ता विभागातून जाणार होते. तिथे नितीन नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्याच्याकडे मूळ कारण शोधायचा एक तक्ता असे. एखाद्या सुट्या भागावर चरा पडला की तो का पडला, हे लिहायचे. उत्तर आले की त्यावर पुन्हा का विचारायचे. असे पाच वेळा. नितीनने झाडाचे नाव त्या तक्त्यात घातले.

या झाडाला गयाबाई का म्हणतात? कारण ते गयाबाईंनी लावले. त्यांनी हेच झाड का लावले? कारण कँटीनमागे दुसरे काही जगत नव्हते. दुसरे का जगत नव्हते? कारण त्यांना मधूनमधून आठवडाभर पाणी मिळत नसे. मग हेच का जगले? कारण हे झाड आठवडाभर पाण्याशिवाय राहते आणि आठवड्यानंतर गयाबाई परत येतात. आठवडाभर पाणी का मिळत नसे? कारण दर सात महिन्यांनी गयाबाईंना ब्रेक असतो.

तक्ता मोरेसाहेबांच्या टेबलावर गेला तेव्हा मी तिथे होतो. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

“नितीन, तिसऱ्या ‘का’वर थांब ना.”

“सर, फॉरमॅटमध्ये पाच आहेत.”

“मग खाली दोन ठिकाणी ‘लागू नाही’ लिही.”

“लागू नाही लिहिलं तर का लागू नाही, त्याचं वेगळं पान जोडावं लागतं. त्यावर तुमची अजून एक सही लागेल.”

मोरेसाहेबांनी एका सहीवर भागवले. तक्त्याला क्रमांक पडला. पाटीवरचा मजकूर त्या तक्त्यावरून तयार झाला, तो असा: ‘पानफुटी. कारखान्यातील प्रचलित नाव: गयाबाई. कँटीनची नवी शेड उभी राहिल्यावर बागकाम करणाऱ्या गयाबाई यांनी गावाहून एक पान आणून येथे लावले. तेव्हापासून आजपर्यंत त्याच या झाडाची निगा राखत आहेत. म्हणून कामगारांनी झाडाला त्यांचे नाव दिले.’ खाली तक्त्याचा क्रमांक आणि तीन सह्या. शेडवर उद्घाटनाचे साल कोरलेली फरशी आहे, त्यामुळे सालाचा प्रश्न नव्हता.

नाव न छापण्याचा नियम माणसांसाठी होता. झाडांच्या नावांसाठी नियम केलेला नव्हता. मोरेसाहेबांनी नंतर मला विचारले की हे तुम्ही मुद्दाम केले का. मुद्दाम केले नव्हते. मजकूर तपासून घेतला होता, एवढेच.

परीक्षक मंडळ आले. त्यातल्या एकाने पाटीसमोर उभे राहून फोटो काढून घेतला. कंपनीला दुसरा क्रमांक मिळाला. अहवालात ‘लोकज्ञानाचे काटेकोर दस्तऐवजीकरण’ असा खास उल्लेख होता. मार्चच्या अंकात मी पाटीचा मजकूर शब्दशः छापला आणि सोबत फोटो दिला. फोटोच्या कडेला पाण्याचा पाइप धरलेला गयाबाईंचा हात आला होता. तो मी सवयीने कापला.

एप्रिलच्या एक तारखेला बागेचा ठेका नव्या ठेकेदाराकडे गेला. त्याच्या करारात एक अट होती. सलग सेवेतले जुने कामगार आहेत तसे घ्यायचे. नवे घ्यायचे तर वय पंचेचाळीसच्या आत. गयाबाई आधार कार्डाप्रमाणे त्रेपन्न वर्षांच्या होत्या. त्यांची शेवटची नोंद पाच महिन्यांपूर्वीची होती आणि त्या नोंदीप्रमाणे त्या पाच महिन्यांपूर्वी प्रथमच कारखान्यात आल्या होत्या. त्या नव्या ठरल्या.

मी सकाळी बसमधून उतरलो तेव्हा त्या गेटबाहेर चहाच्या टपरीजवळ उभ्या होत्या. कार्ड लावले तर यंत्राचा दिवा लाल लागला, असे त्यांनी सांगितले.

“मला नवी म्हणत्यात, सायेब. नव्या बाईला पंचेचाळीसच्या आतलं वय पायजे म्हणं. ते मी कुठनं आणू? आन् धन्याची गोळी बुधवारपत्तुर हाय.”

त्यांना एवढेच हवे होते की त्या जुन्या आहेत, असे कोणीतरी लिहून द्यावे. त्या मोरेसाहेबांकडे गेल्या होत्या. मोरेसाहेबांनी पाणी दिले आणि सांगितले की कंपनीकडे त्यांची कुठलीही नोंद नाही. रेकॉर्डच्या दृष्टीने ते खरे होते. गयाबाईंच्या नावाचा एकच कागद कंपनीत होता आणि तो झाडांच्या फाइलमध्ये होता.

तो तक्ता नियंत्रित कागद होता. त्याची प्रत बाहेर देणे हा शिस्तभंग होता आणि माझ्या निवृत्तीला एक महिना उरला होता. मी तक्ता दिला नाही. गृहपत्रिकेच्या मार्चच्या अंकाच्या दोन प्रती दिल्या. तो अंक कोणालाही मिळू शकत होता, कँटीनमध्ये त्यावर लोक पोळीभाजी ठेवून खात होते. बाळूभाऊंनी वाफ्यापाशी जाऊन मोबाइलवर पाटीचा फोटो काढला, सह्या नीट दिसतील असा. मग ते आणि गयाबाई मोटारसायकलवरून कामगार कार्यालयात गेले आणि अर्ज दिला.

अर्जाची नोटीस कंपनीला आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाटी काढण्यात आली. देखभालीच्या नोंदवहीत कारण ‘पॉलिशसाठी’ असे आहे. पितळ पॉलिश होऊन परत आल्याची नोंद नाही.

सुनावणी मे महिन्यात झाली. मी तेव्हा निवृत्त झालो होतो. कामगार अधिकारी बाई होत्या, टेबलावर फायलींचा ढीग आणि पंखा एकच. कंपनीचे वकील म्हणाले की पाटीवरचा मजकूर सुशोभीकरणाचा भाग आहे. झाडांच्या नावांच्या गोष्टी लोक रचून सांगतात, ती लोककथा असते, तिला सेवेचा पुरावा मानता येणार नाही.

अधिकारी बाईंनी अंक उलटून पाहिला.

“पुरस्काराच्या अर्जाला हाच मजकूर जोडला होता का?”

मोरेसाहेब हो म्हणाले.

“तिथेही लोककथा म्हणूनच जोडला होता?”

मोरेसाहेब वकिलांकडे पाहू लागले. वकील फाइलमध्ये पाहू लागले. बाईंनी मग तिसरी सही कोणाची, असे विचारले. मोरेसाहेबांनी आपली म्हणून सांगितले. नितीनला बोलावले होते. त्याने तक्त्याची मूळ प्रत आणली होती, कारण नोटिशीत संबंधित कागदपत्रे आणावीत असे लिहिले होते आणि नितीन लिहिलेले करतो. बाईंनी पाचवा रकाना दोनदा वाचला.

मला एकच प्रश्न आला: मजकूर खरा आहे का? मी सांगितले की तीन जणांकडून वेगवेगळी खातरजमा केली होती. वकिलांनी विचारले, “सोळा वर्षांत तुमच्या पत्रिकेत या बाईंचं नाव किती वेळा आलं?” मी म्हणालो, “एकदा. झाडाचं म्हणून.”

गयाबाईंना विचारले तेव्हा त्या उभ्या राहिल्या. शेड कधी झाली, ते त्यांना साल म्हणून सांगता आले नाही. त्यांनी धाकटीच्या शाळेवरून सांगितले: ती पहिलीला गेली त्या साली. आता तिचे कॉलेज संपले होते. “चौदा वर्सं म्या नवीच हाय, बाई,” त्या म्हणाल्या. “मला एकदा जुनी लिवा. मग काय काढायचं तर काढा.” बाईंनी त्यांना खाली बसायला सांगितले.

निकालाची वेळ आली नाही. जूनमध्ये कंपनीने समझोता केला. कोणतीही चूक मान्य न करता, आणि इतर कोणासाठी दाखला न मानता, गयाबाईंना सलग सेवेतल्या जुन्या कामगार धरावे, असे ठेकेदाराला पत्र गेले. त्याच आठवड्यात उद्यान विभागाला परिपत्रक आले: यापुढे आवारातील झाडांची फक्त शास्त्रीय नावे वापरावीत, नावांच्या उगमाची चौकशी करू नये.

जूनच्या तिसऱ्या सोमवारी गयाबाई पहिल्या पाळीला कामावर आल्या. मधल्या अडीच महिन्यांत नवऱ्याची औषधे बाळूभाऊंच्या भिशीतून आली होती. विम्याचे कार्ड पुन्हा सुरू झाले.

नव्या ठेक्याचा सातवा महिना ऑक्टोबरअखेर संपला. शेवटच्या दिवशी दुपारी ब्रेकची यादी गेटवर लागली. यादीत बागेतल्या आणि साफसफाईतल्या तेवीस जणांची नावे होती. गयाबाईंचे नाव नव्हते.